कबर फोडून इतिहास फुटत नाही

कुरआनात फिरऔन म्हणजे जुलूम. तरी मुस्लिमबहुल इजिप्तने फिरऔनांच्या कबरी जपल्या. ११९६ च्या सुमारास सुलतान अल-अझीझ उस्मानने गिझाचा मेनकौरेचा पिरॅमिड फोडायला घेतला. आठ महिने मजूर राबले. पिरॅमिड उभाच आहे; उत्तरेकडची खोक तेवढी सुलतानाचा हट्ट सांगते.

आम्हा जालनेकरांना खुलताबाद जवळच. २०२५ मध्ये तिथली औरंगजेबाची कबर उखडा, अशी ओरड झाली. मला बादशहाचे गोडवे गायचे नाहीत. पण दख्खन जिंकायला आलेल्या या आलमगीराला मराठ्यांनी २५ वर्षे झुंजवले; दिल्ली त्याला पुन्हा दिसली नाही. त्या झुंजीची साक्ष म्हणजे ही उघडी, मातीची कबर. ती उखडून तुम्ही नेमका कोणाचा पराक्रम पुसणार आहात?