‘संस्कार कमी पडले’ म्हणणे सोपे आहे!

किशोरवयीन मुलगा व्यसनात सापडला की आपल्याकडे निदान तयार असते. ‘घरचे संस्कार कमी पडले.’ पालकसभेपासून व्याख्यानमालेपर्यंत हे वाक्य इतक्या श्रद्धेने उच्चारले जाते की त्यापुढे विचार करण्याची कुणाला गरजच वाटत नाही. संस्कारांचे मोल हे साप्ताहिक वाचणाऱ्यांना समजावून सांगण्याचे कारण नाही. परंतु मुलाच्या हाती पुडी कुणी दिली, कोणत्या दरात दिली आणि शाळेपासून किती अंतरावर दिली, हे प्रश्न या एका वाक्याखाली गाडले जात असतील, तर ते वाक्य विक्रेत्याच्याच सोयीचे आहे, असे स्पष्ट म्हटले पाहिजे.

‘पाश्चात्त्य संस्कृतीचे आक्रमण’ हे दुसरे आवडते उत्तर. गुटखा कोणत्या पश्चिमेकडून आला? तो आपल्याच माणसांनी बनवला, आपल्याच टपऱ्यांवर विकला आणि आपल्याच लग्नमंडपांत तबकातून फिरवला. महाराष्ट्राने २०१२ साली त्यावर बंदी घातली, हे राज्याला भूषणावह. आज तो शेजारच्या राज्यांतून चोरवाटेने येतो, मागेल त्याला मिळतो, आणि मागणाऱ्याचे वय कुणी विचारत नाही. अठरा वर्षांखालील मुलाला तंबाखू विकू नये आणि शिक्षणसंस्थेपासून शंभर यार्डांच्या आत तर ती कुणालाच विकू नये, हा केंद्रीय कायदा २००३ चा आहे. बालन्याय कायद्याचे २०१५ चे ७७ वे कलम त्याहून कठोर. वैद्यकीय सल्ल्यावाचून मुलाला दारू, अमली पदार्थ वा तंबाखू देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड! हे कलम आपल्या गावातल्या टपरीवाल्याला ठाऊक आहे का? त्याचे सोडा, मुख्याध्यापकांना तरी ठाऊक आहे का? ई-सिगारेटवर २०१९ पासून देशभर संपूर्ण बंदी आहे. फळांच्या स्वादाची, पेनासारखी दिसणारी ही वस्तू कुणासाठी घडवली गेली, हे सांगायला समिती नेमावी लागत नाही. साठीतला धूम्रपानी माणूस आंब्याचा स्वाद मागत नसतो.

टपरीला निदान ठिकाण असते. मोबाईलमधल्या दुकानाला तेही नाही. ते मुलाच्या उशाशी असते आणि रात्री बंद होत नाही. त्याची रचना अपघाताने झालेली नाही. पूर्वी संकेतस्थळाचे पान संपत असे; संपले की वाचणारा क्षणभर थांबे आणि उठे. २००६ साली अझा रस्किन या तंत्रज्ञाने न संपणाऱ्या पानाची युक्ती काढली आणि पुढे तिच्याबद्दल जाहीर खेदही व्यक्त केला. युक्ती मात्र राहिली. २०२१ साली फेसबुकचे अंतर्गत कागद बाहेर आले, तेव्हा इन्स्टाग्राममुळे काही किशोरवयीन मुलींच्या मनात स्वतःच्या शरीराविषयीचा न्यूनगंड वाढतो, हे कंपनीच्या संशोधकांनी आधीच नोंदवून ठेवले होते, असे उघड झाले. ज्याला माहीत असते आणि तरी जो विकतो, त्याला आपण काय म्हणतो?

आणि द्यूत! फाशांच्या नादाने उद्ध्वस्त झालेल्या जुगाऱ्याचे सूक्त ऋग्वेदात आहे. सभापर्व तर घरोघरी ठाऊक आहे. तरीही पैशांवर खेळवल्या जाणाऱ्या ऑनलाईन खेळांना आपण ‘कौशल्याचा खेळ’ म्हणू दिले. २०२० च्या आयपीएलचे मुख्य प्रायोजकत्व ड्रीम इलेव्हनकडे होते. २०२३ पासून भारतीय संघाच्या छातीवर तेच नाव झळकले. ज्या खेळाडूचे चित्र मुलगा वहीवर चिकटवतो, तोच जाहिरातीत पैसे लावायला सांगत असे. खाली बारीक अक्षरांत आणि वर धावत्या आवाजात ‘सवय लागू शकते’ असा इशारा, म्हणजे कर्तव्य संपले! अशा वेळी घरातल्या आजोबांनी सांगितलेली कथा हरली, तर दोष आजोबांचा?

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाईन खेळांसंबंधी कायदा संमत केला. पैशांच्या खेळांत पंचेचाळीस कोटी लोकांना झळ पोचली आणि वीस हजार कोटींहून अधिक रक्कम बुडाली, असा अंदाज सरकारने त्या वेळी मांडला. कायद्याचे मर्म त्याच्या शिक्षांत आहे. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. खेळवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद व एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षे व पन्नास लाख. अपराधी कोण, हे येथे प्रथमच नेमके ओळखले गेले. हाच न्याय समाजमाध्यमांना का नाही? मुलांचा माग काढू नये, त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखवू नयेत, असे २०२३ चा विदासंरक्षण कायदा सांगतो. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि कंपन्यांना तयारीसाठी अठरा महिने मिळाले. अठरा महिन्यांत चौदा वर्षांचे मूल साडेपंधरा वर्षांचे होते. ऑस्ट्रेलियाने सोळा वर्षांखालील मुलांची खाती १० डिसेंबर २०२५ पासून बंद करायला लावली आणि दंड मुलावर वा पालकांवर नव्हे, कंपनीवर ठेवला. पळवाटा तिथेही निघतील; परंतु जबाबदारी योग्य दारात नेऊन ठेवली, हे खरे.

मग घराने काहीच करायचे नाही काय? करायचे, पण एकट्याने नव्हे. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव येथे २०२२ पासून सायंकाळी सात वाजता भोंगा वाजू लागला. दीड तास दूरचित्रवाणी आणि मोबाईल बंद, मुले अभ्यासाला, आणि मोठ्यांनीही आपला मोबाईल खाली ठेवायचा. एका घराने असा नियम केला असता तर मुलगा शेजारच्या घरी गेला असता. सारे गाव एकदम थांबले, म्हणून त्याला जायला जागा उरली नाही.

शहरातल्या सोसायटीला भोंगा परवडणार नाही, फीत परवडेल. शंभर यार्ड म्हणजे सुमारे एक्क्याण्णव मीटर. येत्या पालकसभेनंतर चार पालकांनी शाळेच्या फाटकापासून ते अंतर मोजावे, त्या वर्तुळातील टपऱ्यांची यादी करावी, बालन्याय कायद्याच्या ७७ व्या कलमाची प्रत जोडावी आणि ती पोलीस ठाण्यात देऊन पोच घ्यावी. पंधरा दिवसांनी पुन्हा जाऊन, त्या पोचेचे काय झाले, ते विचारावे.