आंब्याचा रंग आणि आंब्याचा वास

नागपुरातील इतवारी ही जुनी व्यापारी पेठ आहे. उन्हाळ्यात तेथे आंबा घेणारे गिऱ्हाईक प्रथम रंग पाहते. म्हणून बागाईतदारही रंगाच्या मागे लागतो आणि हंगामाच्या आरंभीचा चढा भाव साधण्यासाठी कोवळे फळ उतरवितो. ही रीत अंती उभयतांच्या तोट्याची आहे.

आंबा पिकताना पिष्टाची साखर होते, आंबटपणा कमी होतो व साल पिवळी पडते. त्याच वेळी गरातील स्निग्ध पदार्थांतही बदल घडतो. त्यांचे प्रमाण अत्यल्प असले तरी वासाशी त्यांचा निकट संबंध आहे. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातील बंडोपाध्याय व घोलप यांनी १९७३ साली हापूस व इतर जातींवरील संशोधन प्रसिद्ध केले. गरात पामिटिक आम्लापेक्षा पामिटोलेइक आम्ल अधिक असेल तर वास तीव्र, कमी असेल तर सौम्य, असे त्यांना आढळले. फळ पिकत जाते तसे हे प्रमाण बदलते. म्हणजे रंग चढणे व वास येणे ही दोन निरनिराळी कामे होत. एक झाले म्हणून दुसरे झालेच असे नव्हे.

कार्बाइडच्या पुडीपासून निघणारा वायू सालीला रंग आणतो. परंतु कोवळ्या फळात झाडावर जे भरले नाही, ते त्याने भरून निघत नाही. शिवाय त्या पुडीत सोमल व फॉस्फरसचे अंश असतात. म्हणूनच फळे पिकविण्यासाठी तिचा वापर कायद्याने निषिद्ध आहे. इथिलीन वायू मात्र दहा लाख भागांत १०० भागांपर्यंत वापरण्यास मुभा आहे. तथापि तोही तयार फळालाच उपयोगी पडतो.

वादळाने कैरी झडते, मग वाट का पाहावी, असा आक्षेप घेतला जातो. तो निराधार नाही. परंतु झडलेली कैरी लोणच्याला व आमचुराला जाते. तिच्या भयाने सारी बाग कोवळी उतरविणे हा त्यावर उपाय नव्हे.

देठाजवळचे खांदे भरले, झाडावर पाड लागला आणि फळ पाण्यात बुडू लागले, म्हणजे ते तयार झाले असे समजावे. देठासह झेल्याने उतरवून गवताच्या आढीत घालावे. व्यापाऱ्यांनीही अशा मालाला वेगळा भाव द्यावा. रंगाला भुललेले गिऱ्हाईक एकदाच येते. वासाने तृप्त झालेले पुढील वर्षीही तेच दुकान शोधीत येते.