फावल्या वेळी : चार भाषांचा पडदा



भारतातून पाहुणे आले की आपली सहल ठरलेली असते. टिटलिस, युंगफ्राऊ, आणि 'दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे'चे चित्रीकरण झाले ते सानेन आणि ग्श्टाड. इंटरलाकेनला 2016 पासून यश चोप्रांचा पुतळा आहे, त्याच्याशेजारी फोटो होतोच. आपल्या चित्रपटांतला स्वित्झर्लंड आपल्याला असा तोंडपाठ आहे. पण ह्या देशाचे स्वतःचे चित्रपट? दहा-दहा वर्षे इथे काढलेल्या सभासदांना विचारले, तर बहुतेकांचे उत्तर येते, "असतात का?" असतात बरं का! आणि आपल्यासारख्या दोन-तीन भाषांच्या घरांनी तर ते मुद्दाम पाहावेत.

आधी थोडा हिशोब. ह्या देशाची वस्ती साधारण नव्वद लाख, म्हणजे एकट्या मुंबईपेक्षाही कमी. त्यात सुमारे 62 टक्के लोकांची मुख्य भाषा जर्मन, 23 टक्क्यांची फ्रेंच, 8 टक्क्यांची इटालियन, आणि रोमान्श जेमतेम अर्धा टक्का. आधीच बाजार लहान, त्याचे हे असे तुकडे. शिवाय शेजारी जर्मनी, फ्रान्स आणि इटली, म्हणजे त्याच भाषांत मोठमोठे चित्रपट काढणारे देश. मराठी चित्रपटाला मुंबईत हिंदीच्या शेजारी दुकान मांडून बसावे लागते, तसे ह्यांना तीन बाजूंनी. सरकारी मदत आणि सार्वजनिक दूरदर्शनचा पैसा ह्यांच्याशिवाय इथे चित्रपट उभा राहणे अवघड. मे 2022 मध्ये तर ह्या विषयावर सार्वमत झाले. नेटफ्लिक्ससारख्या कंपन्यांनी इथल्या कमाईतले 4 टक्के इथल्याच निर्मितीत घालावेत, हा कायदा सुमारे 58 टक्के मतांनी मंजूर झाला आणि 2024 पासून लागू झाला.

आम्ही रसायनशास्त्रवाले मिश्रण आणि संयुग ह्यांत फरक करतो. संयुगात मूळ घटकांचे गुण उरत नाहीत, मिश्रणात ते जसेच्या तसे राहतात. इथला चित्रपट हे मिश्रण आहे. त्यात पात्रे आपापल्या भाषेत बोलतात आणि खाली ओळी येतात. गंमत म्हणजे झुरिक, बेर्न, बासेलच्या बोलींना ठरलेले लेखी रूप नाही, म्हणून बोलीतल्या संवादाखाली ओळी येतात त्या प्रमाण जर्मनमध्ये. पडद्यावर मालवणी चालू असावी आणि खाली पुस्तकी मराठी यावी, तसा प्रकार!

आता चित्रपटांकडे वळू. पहिला 1945 सालचा, लिओपोल्ड लिंटबेर्ग ह्यांचा 'डी लेट्स्टे शांस', म्हणजे 'शेवटची संधी'. युद्धाच्या काळात इटलीतून डोंगर ओलांडून स्वित्झर्लंडमध्ये शिरू पाहणाऱ्या निर्वासितांची ही गोष्ट. जो तो आपापल्या भाषेत बोलतो, आणि एकमेकांना समजून घेण्याची धडपड हाच चित्रपटाचा प्राण आहे. 1946 साली कान महोत्सवाचे सर्वोच्च पारितोषिक अकरा चित्रपटांना विभागून मिळाले, त्यांत हा होता. त्याच अकरांत चेतन आनंद ह्यांचा 'नीचा नगर'ही होता!

दुसरा मार्कुस इमहोफ ह्यांचा 1981 सालचा 'डास बोट इस्ट फोल', म्हणजे 'नाव भरली आहे'. 1942 साली ह्याच देशाने ज्यू निर्वासितांना सीमेवरून परत पाठवले, त्याची ही कथा. लहान मुले असलेल्या कुटुंबाला परत पाठवत नाहीत असे कळल्यावर काही अनोळखी माणसे एका खेड्यातल्या खानावळीत एक कुटुंब असल्याचे सोंग घेतात. त्यात एक फ्रेंच मुलगा आहे. त्याने तोंड उघडले की सोंग उघडे पडणार! भाषा माणसाला वाचवते आणि पकडूनही देते, हे इतक्या साधेपणाने सांगणारा चित्रपट आम्ही दुसरा पाहिलेला नाही. स्वतःच्या देशाची चूक एवढ्या स्पष्टपणे दाखवायला धैर्य लागते, हेही खरे.

तिसरा क्साव्हियर कोलर ह्यांचा 1990 सालचा 'रायझे डेर होफनुंग', म्हणजे 'आशेचा प्रवास'. तुर्कस्तानातले एक कुर्द जोडपे जमीन विकते, बाकीची मुले मागे ठेवून एका मुलाला घेऊन स्वित्झर्लंडकडे निघते, आणि आल्प्सच्या बर्फात... पुढचे लिहीत नाही. सत्य घटनेवर आधारलेल्या ह्या चित्रपटाला 1991 साली परभाषिक चित्रपटाचे ऑस्कर मिळाले. स्वित्झर्लंडच्या नावावर गेलेल्या ह्या चित्रपटाचा बराचसा भाग तुर्की भाषेत आहे. म्हणजे 'स्विस' कशाला म्हणायचे, हा प्रश्न आलाच.

नेमका तोच प्रश्न रोल्फ लिसी ह्यांनी 1978 साली हसत हसत विचारला होता. त्यांच्या 'डी श्वायत्सरमाखर' ह्या चित्रपटाचे नाव मराठीत 'स्विस बनवणारे' असे होईल. नागरिकत्व मागणाऱ्यांच्या घरी दोन अधिकारी टेहळणी करायला जातात. अर्जदारांत एक जर्मन डॉक्टर, एक इटालियन मिठाईवाला आणि एक युगोस्लाव नर्तिका. त्यांतला धाकटा अधिकारी, म्हणजे विनोदवीर एमिल, नर्तिकेच्या प्रेमात पडतो! तेव्हा ह्या देशाची वस्ती पासष्ट लाखांच्या आत होती, आणि नऊ लाखांहून अधिक तिकिटे खपली. लोक स्वतःवरच हसायला रांगा लावून गेले.

आपल्यातल्या कित्येक घरांत हा अर्ज टेबलावर पडून आहे. 2018 पासूनच्या नियमांनुसार दहा वर्षांचे वास्तव्य हवे, कायम वास्तव्याचा परवाना हवा, भाषेची परीक्षा हवी. वयाच्या आठ ते अठरा वर्षांमधला काळ दुप्पट धरतात, त्यामुळे मुले आईवडिलांच्या आधी पात्र ठरू शकतात. आणि भारतीय पारपत्र परत द्यावे लागते, ते वेगळेच. हा निर्णय ज्याने त्याने घ्यायचा, त्यावर आम्ही काय बोलणार! पण जेवणाच्या टेबलावर हा विषय निघाला की सगळे गप्प होतात, त्या घरांनी हा चित्रपट एकत्र पाहावा. निदान हसता हसता बोलणे तरी सुरू होईल.

अलीकडचा हवा असेल तर पेटर लुइसी ह्यांचा 2023 सालचा 'बॉन शूर तिचिनो' पाहा. देशात ह्यापुढे एकच राष्ट्रभाषा, असा कौल मिळतो आणि ती भाषा ठरते फ्रेंच! फ्रेंचशी झगडणाऱ्या जर्मनभाषक पोलिसाची मग जी तारांबळ उडते ती बघण्यासारखी आहे. शाळेतल्या भाषांवरून महाराष्ट्रात 2025 साली केवढे रण माजले ते आठवले, की ही गोष्ट परकी वाटणार नाही.

शेवटी एक सूचना. सार्वजनिक प्रसारण संस्थेने 2020 साली 'प्ले सुईस' ही सेवा सुरू केली, ती इथले चित्रपट निरनिराळ्या भाषांतल्या ओळींसह घरोघरी पोहोचावेत म्हणूनच. ग्रंथालयांत तबकड्या मिळतात. दोन-तीन घरांनी मिळून एक संध्याकाळ ठरवावी आणि खालच्या ओळी बंद कराव्यात. बोली आपल्याला कळत नाही, मुलांना कळते. "काय म्हणाला तो?" असे आपण विचारायचे आणि मुलांनी मराठीत सांगायचे. "घरात मराठीच बोल" असे शंभरदा बजावून जे होत नाही, ते अशा वेळी होते, कारण त्या क्षणी आपल्याला त्यांच्या मराठीची खरोखरच गरज असते. शब्द अडला तर आजी-आजोबा आहेतच.

चिवडा ज्याचा त्याने आणावा.