अंडरग्राउंड, म्हणे!

परवा ऑफिसातला एक मित्र नव्या फ्लॅटचं कौतुक सांगत होता. "वायरी, पाइप, ड्रेनेज... सगळं अंडरग्राउंड आहे रे!" हाच पठ्ठ्या गाणी ऐकतो तीही अंडरग्राउंड. या एका शब्दाला आपण फार लाडावून ठेवलंय. मला मात्र हल्ली तो ऐकला की डोकं फिरतं.

मराठीत 'भूमिगत' म्हटलं की पूर्वी आदर वाटायचा. १९४२ साली उषा मेहतांनी मुंबईत गुप्त रेडिओ चालवला तो भूमिगत राहून. १९७५ च्या आणीबाणीतही कित्येक जण भूमिगत झाले. यातलं जमिनीखाली कुणीच गेलं नव्हतं, हं! आणि जो खरोखर खाली उतरतो, त्याला हा शब्द आपण कधी लावतो का?

गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीचं ड्रेनेज तुंबलं. दोघं जण आले. एकाच्या कमरेला दोर, अंगावर चड्डी-बनियन, आणि गडी चेंबरमध्ये उतरायच्या बेतात. मी सेक्रेटरींना म्हटलं, "अहो काका, हा गुन्हा आहे." तर म्हणे, "त्यांना सवय असते रे!"

सवय? हायड्रोजन सल्फाइडची? तो वायू थोडा असला की सडक्या अंड्यासारखी घाण येते. जास्त झाला की नाकच बधिर होतं, माणसाला वाटतं वायू गेला, आणि तो तिथेच कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही जातो. पेपरात एकाच चेंबरमध्ये दोघे-तिघे गेल्याच्या बातम्या येतात त्या यामुळे. सुरक्षा साधनांशिवाय माणूस उतरवायला २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. सुप्रीम कोर्टाने २०१४ मध्ये मृत्यूमागे १० लाख भरपाई ठरवली, २०२३ मध्ये ती ३० लाख केली. म्हणजे मरणं थांबलेली नाहीत, भाव तेवढा वाढला.

जेटिंगची गाडी मागवा म्हटलं तर "मेंटेनन्स वाढेल". लॉबीत इटालियन मार्बल बसवताना नाही वाढला तो?

मी अडून बसलो. दोरवाला मलाच म्हणाला, "साहेब, मग आमची मजुरी?" काय बोलणार? खिशातून दिली. गाडी दुसऱ्या दिवशी आली, फ्लॅटमागे तीनशे रुपये पडले. त्या तीनशे रुपयांवरून सोसायटीच्या ग्रुपवर अजून बोंब चालू आहे.