कर्करोग बरा होईल, पण पुढे मूल होईल का?

कर्करोगाचे निदान झाले की घरच्यांचा पहिला प्रश्न असतो, ‘जीव वाचेल ना?’ दुसरा प्रश्न बहुधा उपचार संपल्यावर येतो, आणि तो मुलीची आई हळू आवाजात विचारते : ‘डॉक्टर, पुढे हिला मूल होईल ना?’ शासकीय रुग्णालयात हा प्रश्न नेहमी ऐकू येतो. पण तोवर काही करण्याची वेळ बहुतेकदा निघून गेलेली असते.

मुलगी जन्मते तेव्हाच तिच्या आयुष्यभराची स्त्रीबीजे बीजांडकोशात असतात. सायक्लोफॉस्फामाइडसारखी औषधे आणि ओटीपोटावरचे रेडिएशन हा साठा झपाट्याने घटवतात. श्रीमंत देशांत कर्करोग झालेली ८० टक्क्यांहून अधिक मुले बरी होतात. आपल्याकडेही बऱ्या होणाऱ्या मुली वाढत आहेत. त्यामुळे हा विषय चैनीचा राहिलेला नाही.

वयात आलेल्या स्त्रीची स्त्रीबीजे गोठवता येतात, पण त्यासाठी आधी १० ते १४ दिवस हार्मोनची इंजेक्शने घ्यावी लागतात. काही कर्करोगांत तेवढी सवड नसते आणि वयात न आलेल्या मुलीत तर हा मार्गच बंद असतो. अशा वेळी बीजांडकोशाची ऊती गोठवता येते. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेने एक बीजांडकोश किंवा त्याचा भाग काढतात आणि त्याच्या बाहेरच्या थराच्या पातळ पट्ट्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंश सेल्सिअसला ठेवतात. आजार बरा झाल्यावर त्या पुन्हा शरीरात बसवतात. काही महिन्यांत बीजांडकोशाचे काम सुरू होते आणि नैसर्गिक गर्भधारणाही होऊ शकते.

या पद्धतीने पहिले बाळ २००४ मध्ये बेल्जियममध्ये जन्मले. आजवर जगात अशी २०० हून अधिक बाळे झाली आहेत. २०१९ मध्ये अमेरिकेतील प्रजनन वैद्यक संस्थेने या पद्धतीवरचा ‘प्रायोगिक’ हा शिक्का काढला. मर्यादाही आहेत. गर्भधारणेची हमी नाही आणि बसवलेली ऊती काही वर्षेच काम करते. रक्ताच्या कर्करोगात तिच्यातून कर्कपेशी परत शरीरात जाण्याचा धोका असतो.

खरी अडचण व्यवस्थेची आहे. सरकारी योजनेत केमोथेरपी मोफत मिळते, पण आयुष्मान भारत योजनेतून प्रजननाशी संबंधित उपचार वगळलेले आहेत. म्हणजे बीजांडकोशाला इजा करू शकणाऱ्या औषधाचा खर्च सरकार उचलते आणि तो वाचवण्याचा खर्च कुटुंबावर पडतो. २०२१ च्या सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान कायद्यात दात्याची बीजे आणि भ्रूण साठवण्याची मुदत १० वर्षे आहे. आठ वर्षांच्या मुलीला तिची ऊती वीस वर्षांनी लागू शकते. तिच्यासाठी स्वतंत्र आणि स्पष्ट तरतूद हवी.

प्रत्येक जिल्ह्यात प्रयोगशाळा उभारणे परवडणारे नाही, आणि त्याची गरजही नाही. डेन्मार्कमध्ये ऊती स्थानिक रुग्णालयात काढतात आणि बर्फात ठेवून काही तासांत मध्यवर्ती केंद्राकडे पाठवतात. गोठवणे आणि साठवणे तिथेच होते. आपल्या वैद्यकीय महाविद्यालयांत दुर्बिणीच्या शस्त्रक्रिया रोज होतात. राज्यात एक-दोन सार्वजनिक केंद्रे आणि खात्रीची वाहतूक असेल, तर सुरुवात करता येईल.

तोवर एक गोष्ट बिनखर्चाची आहे. केमोथेरपीच्या पहिल्या डोसाआधी प्रजननक्षमतेबद्दल बोलणे झाले, ही नोंद प्रत्येक तरुण रुग्णाच्या केसपेपरवर असावी. डॉक्टरांनी विषय काढला नाही, तर नातेवाइकांनी संकोच न करता विचारावे. लग्न झालेले नाही किंवा मुलगी लहान आहे, म्हणून हा प्रश्न मागे ठेवू नये. आधी विचारला, तरच त्याचा उपयोग होतो.