डब्याचं झाकण

मधल्या सुट्टीत न उघडलेला डबा तसाच घरी येतो. आई म्हणते, खाण्याचे नखरे. बाई म्हणतात, आळशी आहे. पुष्कळदा खरी गोष्ट एवढीच असते, की त्या बोटांत झाकण उघडण्याइतका जोर नसतो, नाहीतर एका हातानं डबा धरून दुसऱ्यानं झाकण फिरवणं जमत नसतं. विशेष गरजा असलेल्या मुलांना थेरपी लागते ती अशा साध्या कामांसाठी.

फिजिओथेरपिस्ट चालणं, तोल, जिना, बसण्याची ढब बघतात. ऑक्युपेशनल थेरपिस्ट बघतात ते बटण, पेन्सिल, चप्पल, शौचालय. ('ओटी' म्हटलं की आपल्याकडे लोक ऑपरेशन थिएटर समजून घाबरतात! ऑक्युपेशनल थेरपीचं शिक्षण भारतात सुरू झालं ते मुंबईत. कमला निंबकरांनी १९५० साली केईएम रुग्णालयात त्याची पहिली शाळा काढली.)

'मोठा झाला की होईल आपोआप' हे घरातले वडीलधारे मायेनंच म्हणतात. त्यांचं बाकी सगळं ऐका, हे ऐकू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत तपासणीला येतं, त्या दिवशी लाजेपोटी मुलाला घरी ठेवणारे पालक मी पाहिलेत. त्याच दिवशी त्याला आधी पाठवा. पथकानं चिठ्ठी दिली तर जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात जा. ही सोय अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहे आणि मोफत आहे. समग्र शिक्षा अभियानातले विशेष शिक्षक कोण, हे गटसाधन केंद्रात विचारा. मुलाला हव्या असलेल्या मदतीसाठी मुख्याध्यापकांना अर्ज लेखीच द्या आणि पोच घ्या. तोंडी सांगितलेलं पुढच्या बदलीबरोबर जातं.

दिव्यांग प्रमाणपत्राचं काम सुरू ठेवा, पण ते हातात येईपर्यंत थेरपी अडवून धरू नका. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यानं ४० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाला सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क दिलाय, तिथे तो कागद लागतो. बोटांचा सराव त्याच्यावाचून सुरू होतो.

आता खरी गोम. आठवड्यातून पाऊण तास थेरपी आणि उरलेला आठवडा जैसे थे, यानं फारसं काही हलत नाही. म्हणून दर वेळी थेरपिस्टना एकच विचारा: या आठवड्यात वर्गात काय करायचं? ते वहीत लिहून घ्या, वर्गशिक्षकांना दाखवा. बाकावर पाय लोंबकळत असतील तर अक्षर बिघडतंच. पायांखाली एक पाट ठेवला तरी फरक दिसतो. लांब पेन्सिल मुठीत धरणाऱ्याला खडूचा छोटासा तुकडा द्या, मुठीत तो धरताच येत नाही, बोटांनीच धरावा लागतो. पायाचा स्प्लिंट बुटात बसत नाही म्हणून कपाटात पडून असेल, तर एक नंबर मोठा बूट आणा. घरी वाटाणे सोलायला बसवा, कणकेचा गोळा हातात द्या. जेवताना सांडेल, उशीर होईल. तरी भरवू नका.

आणि तो डबा. उद्या झाकण नुसतं टेकवून द्या. ते जमलं, की पुढच्या आठवड्यात अर्धा वेढा. मग एक.