दोन पौंडांची बचत

१९५६ साली इजिप्तने सुएझ कालव्याचे राष्ट्रीयीकरण केले. त्यानंतर उद्भवलेल्या युद्धामुळे युरोपकडे येणारा तेलाचा मार्ग खंडित झाला आणि डिसेंबरपासून ब्रिटनमध्ये पेट्रोलचे रेशनिंग सुरू झाले. मोठ्या मोटारींची मागणी घटली. बुडबुड्याच्या आकाराच्या इवल्याशा गाड्या रस्त्यांवर दिसू लागल्या. ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचे प्रमुख लिओनार्ड लॉर्ड यांना त्या मुळीच पसंत नव्हत्या. चौघांच्या कुटुंबाला पुरेल अशी छोटी, पण खरीखुरी मोटार तयार करण्याचे काम त्यांनी ॲलेक इसिगोनिस या अभियंत्याकडे सोपवले. अट एकच होती : इंजिन कंपनीत आधीपासून तयार होणारेच वापरायचे.

इसिगोनिस यांनी ते इंजिन आडवे बसवले, गिअरबॉक्स त्याच्याच खाली तेलाच्या टाकीत सामावला, चाके अवघी दहा इंचांची घेतली आणि पोलादी स्प्रिंगांऐवजी रबराचे शंकू वापरले. गाडीची लांबी दहा फूट. पण त्यातील सुमारे ८० टक्के जागा माणसे व सामान यांच्या वाट्याला आली. २६ ऑगस्ट १९५९ रोजी ‘मिनी’ बाजारात आली. इंजिन ८४८ घनसेंटीमीटरचे, शक्ती ३४ अश्वशक्ती आणि किंमत करासह सुमारे ४९७ पौंड.

ही किंमत पाहून प्रतिस्पर्धी चकित झाले. फोर्ड कंपनीने एक मिनी विकत घेतली, तिचा प्रत्येक भाग सुटा केला, त्याचा खर्च मांडला आणि या भावात ही गाडी विकणे म्हणजे तोट्याचा व्यवहार, असा निष्कर्ष काढला. दुकानापुढे गर्दी आहे म्हणजे गल्ल्यात नफा आहे, असे नव्हे, हे व्यापारी घराण्यांना निराळे सांगण्याची आवश्यकता नाही.

मिनीतील दडलेले सामर्थ्य ओळखले ते जॉन कूपर यांनी. त्यांच्या छोट्या कारखान्याच्या शर्यतीच्या गाड्यांनी १९५९ व १९६० ही दोन्ही वर्षे फॉर्म्युला वनचे विश्वविजेतेपद मिळवले होते. हेच कुटुंबाचे वाहन वेगवान करावे, ही कूपर यांची सूचना प्रथम खुद्द इसिगोनिस यांनाच रुचली नाही. त्यांनी ते सर्वसामान्यांसाठी घडवले होते. कूपर थेट कंपनीचे जॉर्ज हॅरिमन यांच्याकडे गेले. स्पर्धेच्या नियमानुसार अशा एक हजार गाड्या तयार होणे आवश्यक होते; तेवढ्या खपतील का, याचीच हॅरिमन यांना शंका होती. तरीही त्यांनी संमती दिली आणि प्रत्येक गाडीमागे दोन पौंड मानधन ठरले.

१९६१ च्या मिनी कूपरमध्ये पिस्टनची धाव ६८ वरून ८१ मिलिमीटरवर नेली, क्षमता ९९७ घनसेंटीमीटर केली आणि एकाऐवजी दोन कार्ब्युरेटर बसवले. शक्ती ५५ अश्वशक्ती झाली. परंतु कूपर यांची खरी दूरदृष्टी अन्यत्र दिसते. वेग वाढला तेव्हाच पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक बसले. धावण्याच्या तयारीबरोबर थांबण्याचीही तरतूद झाली. कर्ज काढून व्यवसाय वाढवणाऱ्याने हा क्रम लक्षात ठेवावा.

पुढे अधिक शक्तिमान ‘कूपर एस’ आली. १९६४ मध्ये पॅडी हॉपकर्क यांनी आपल्याहून कितीतरी बलाढ्य गाड्यांना मागे टाकून मॉन्टे कार्लो रॅली जिंकली. पुढच्या वर्षी टिमो मॅकिनेन विजयी झाले. १९६६ मध्ये तर पहिले तिन्ही क्रमांक मिनीचेच होते. पण पुढच्या दिव्यांच्या रचनेवर आक्षेप घेऊन परीक्षकांनी तिन्ही गाड्या बाद ठरवल्या. संघाने उत्तर दिले ते मैदानात : १९६७ मध्ये राउनो आल्टोनेन यांनी तीच स्पर्धा मिनीतून जिंकली. एक हजार खपतील का, अशी शंका असलेल्या गाडीची विक्री तोवर कितीतरी पुढे गेली होती; दहा वर्षांत ती लाखावर पोहोचली.

पुढे कंपनी ब्रिटिश लेलँडमध्ये विलीन झाली. नव्या व्यवस्थापनाने खर्चाच्या यादीत कूपर यांचे दोन पौंड पाहिले आणि १९७१ मध्ये करार संपवला. ज्या भागांचा हिशेब कसून व्हायला हवा होता, ते तसेच राहिले. कात्री लागली ती ज्या नावामुळे गिऱ्हाईक अधिक किंमत मोजत होते, त्या नावाला. १९९० मध्ये ‘मिनी कूपर’ हे नाव कंपनीला पुन्हा आणावे लागले.

ऑक्टोबर २००० मध्ये जुन्या मिनीचे उत्पादन थांबले, तेव्हा ५३ लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या होत्या. खर्च कमी करणे हा व्यापाराचा धर्मच आहे. पण कोणता खर्च हा भार आणि कोणता खर्च ही पत, हे ओळखण्यातच व्यापाऱ्याची खरी कसोटी असते.